तेच ते पालुपद

दिवेलागणीच्या वेळी घरोघर परवचा म्हटला जात असे, तो काळ आमच्या वाचकांतील वडील मंडळींनी पाहिला असेल, निदान आपल्या आजोबांच्या तोंडून त्याविषयी ऐकले असेल. हातपाय धुऊन मुले भिंतीशी ओळीने बसत आणि बे एके बे येथून आरंभ करून तीस दाहे तीनशेपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, वार, महिने, तिथी व नक्षत्रे अशी सारी उजळणी एका सुरात चाले. आज म्हटलेले उद्या पुन्हा, उद्याचे परवा पुन्हा. रस्त्याने जाणाऱ्या कोणासही तो घोष ऐकून त्रास होत नसे. उलट या घरातील मुलांना वळण आहे, असेच तो मनात म्हणे. शब्दांची पुनरुक्ती आम्हा मराठी लोकांना मुळीच अपरिचित नाही. कीर्तनातील पालुपद, शाळेतील घोकणी, जपमाळेवरील नाम, मंदिरातील आरती आणि चर्चमधील प्रार्थना यांतून आमच्या विद्येचा व श्रद्धेचा पुष्कळसा भाग पुनःपुन्हा उच्चारण्यानेच टिकून राहिला आहे.

असे असता, वर्गातील एखादे मूल एकच शब्द, एकच वाक्य किंवा एकच हुंकार घटका घटका उच्चारीत बसले, तर आमची ही सारी सहनशीलता कोठे जाते? शिक्षक ‘गप्प बस’ म्हणून दरडावतात. शेजारची मुले हसतात. पालकांच्या सभेत कोणीतरी उठून ‘आमच्या मुलांच्या अभ्यासाचे काय?’ असे विचारतो. मग एके दिवशी त्या मुलाच्या आईवडिलांना बोलावून, ‘याला घरीच ठेवाल तर बरे’ असे सौम्य शब्दांत सुचविले जाते. दुसऱ्या दिवसापासून त्याची जागा रिकामी राहते आणि वर्गात पुन्हा शांतता नांदू लागते. या शांततेची किंमत कोणी भरली, याचा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत.

ज्या मुलांविषयी आम्ही बोलत आहोत, त्यांच्या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात. ऑटिझम हा शब्दही आता खेडोपाडी ऐकू येऊ लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हे प्रमाण मनात धरले, तर सव्वाशे मुलांच्या साध्या शाळेतही असे एखादे मूल असणे मुळीच नवलाचे नाही. हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाळांचाच आहे, असे समजून खेड्यातील शाळांनी निश्चिंत राहण्याजोगी स्थिती नाही.

म्हणूनच आम्ही आमच्या वाचकांना प्रथम एका खेड्यात नेऊ इच्छितो. पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचे लहानसे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म या गावी झाला. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९८१ साली त्यास रायगड हे नाव मिळाले. विनोबांची बालपणीची पहिली वर्षे येथेच गेली. त्यांनी आपल्या आईविषयी, रुक्मिणीबाईंविषयी, ज्या आठवणी सांगून ठेविल्या आहेत, त्यांपैकी एक आमच्या विषयाशी अगदी जुळणारी आहे.

आईने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. ती रोज तांदळाचा एकेक दाणा मोजून वाहत असे. वडिलांनी ते पाहिले आणि सुचविले, की तोळाभर तांदळात दाणे किती ते एकदा मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे, आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घालावेत, म्हणजे काम झाले. हिशेब बिनचूक होता. आईला उत्तर सुचेना. तिने मुलास विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की हा हिशेबाचा प्रश्न नव्हे. एकेक दाणा मोजताना मन देवाशी राहते, यातच त्या मोजण्याचे महत्त्व आहे.

या आठवणीतून आम्ही एवढाच बोध घेतो, की पुनरावृत्ती बाहेरून पाहणाऱ्यास जशी दिसते, तशी ती करणाऱ्यास आतून असेलच असे नाही. वडिलांना दाणे दिसले. त्या दाण्यांनी आईसाठी काय केले, ते मुलास दिसले. मात्र या उपमेची मर्यादाही आम्ही येथेच सांगून ठेवितो. जप करणारा मनुष्य मनात आणील तेव्हा थांबू शकतो, परवचा म्हणणारी मुले जेवणाची हाक येताच उठतात. स्वमग्न मुलास आपले पालुपद थांबविणे पुष्कळदा हाती नसते. त्याला साधू ठरवून त्याच्या अडचणीकडे डोळेझाक करणे हेही त्यास खोडकर ठरविण्याइतकेच चुकीचे होईल. आम्हांस हवी आहे ती त्या मुलाने दाखविलेली चौकस दृष्टी, की याचा याला उपयोग तरी काय होत असेल?

हा प्रश्न वैद्यकशास्त्रातही उशिरानेच विचारला गेला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात लिओ कॅनर हे मुलांच्या मनोविकारांचे वैद्य होते. १९४३ साली त्यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि स्वमग्नतेचा आधुनिक अभ्यास तेथून सुरू झाला असे मानतात. त्या ११ पैकी ८ मुले बोलत असत. परंतु त्यांचे बोलणे चमत्कारिक होते. ऐकलेली वाक्ये ती जशीच्या तशी, त्याच स्वरात, कधी तत्काळ तर कधी कित्येक दिवसांनी उच्चारीत. ‘तू’ आणि ‘मी’ यांची त्यांच्या बोलण्यात अदलाबदल होई, कारण जे कानी पडले तेच ओठी येई. आमच्या मराठीत तर ही गोष्ट चटकन ध्यानात येण्यासारखी आहे. ‘तुला पाणी हवे?’ असे आईने विचारिले, की तहानलेले मूल ‘तुला पाणी हवे?’ असेच म्हणते. आणि आईचे ‘मी येते’ हे वाक्य मुलगा उचलतो, तेव्हा तोही ‘येते’ असेच म्हणून जातो. ऐकणाऱ्यास ती थट्टा वाटते. वस्तुतः ती मागणी असते.

त्याच कॅनर यांनी १९४६ साली आणखी एका मुलाची हकीकत सांगितली आहे. हे पाच वर्षांचे मूल स्वयंपाकाचे पातेले पाहिले, की ‘पीटर ईटर’ असे म्हणे. ऐकणाऱ्यास त्यात कसलाही अर्थ दिसेना. आईने उलगडा केला. मूल दोन वर्षांचे असताना ती त्यास पीटर नावाच्या मनुष्याचे एक बालगीत म्हणून दाखवीत असे. एके दिवशी ते म्हणत असतानाच स्वयंपाकघरात तिच्या हातून पातेले खाली पडले. तो आवाज, ते पातेले आणि ते शब्द त्या बालमनात एकत्र गोठले ते कायमचेच. जे निरर्थक वाटत होते त्याला अर्थ होता. तो जाणण्याची किल्ली मात्र फक्त आईपाशी होती.

अशी किल्ली आमच्या रायगडातही घडू शकेल. समजा, एक मुलगा आपल्या वडिलांबरोबर पेणहून गावी एस.टी.ने येत आहे. गाडी खच्चून भरली आहे, अंगाला अंग घासत आहे, आणि कंडक्टर ओरडत आहे, ‘पुढे सरका, पुढे सरका!’ पुढे शाळेत मधली सुट्टी होऊन मुलांचा लोंढा दारातून आत आला, की हा मुलगा कान झाकून ‘पुढे सरका, पुढे सरका’ असे पाच मिनिटे म्हणत राहतो. मुलांना ती नक्कल वाटते. शिक्षकांना तो उद्धटपणा वाटतो. प्रत्यक्षात तो एवढेच सांगत असतो, की मला ही गर्दी सोसत नाही. हा मुलगा आम्ही कल्पिलेला आहे. परंतु त्याच्यासारखी मुले कल्पित नाहीत.

पुढील अभ्यासकांनी या गोष्टीचा कसून शोध घेतला. १९८१ साली बॅरी प्रिझंट यांनी एका सहकारी विदुषीबरोबर चार स्वमग्न मुलांच्या पुनरुक्तींचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्या पुनरुक्तींमागे सात निरनिराळे प्रकार आढळले. बोलण्यात आपली पाळी राखणे, वस्तूकडे लक्ष वेधणे, होकार देणे, काही मागणे, उत्तर देण्यापूर्वी मनाशी उजळणी करणे, स्वतःस सावरून घेणे, अशी त्यांची कामे होती. एक प्रकार मात्र असा, की त्यात कोणताच हेतू दिसून येत नव्हता. याचा अर्थ असा, की बाहेरून एकच वाटणारा आवाज आतून अनेक प्रकारचा असतो. कित्येक मुले खोलीत दुसरे कोणी नसतानाही आपले उच्चार चालूच ठेवितात. म्हणजे ते आमचे लक्ष वेधण्यासाठी किंवा आम्हांस छळण्यासाठी असतात, हा आमचा समज पुष्कळदा खोटा ठरतो. त्या आवाजातच मुलास सुख वा विसावा मिळत असतो.

येथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आईच्या मायेत उणेपणा राहिला म्हणून मूल स्वमग्न होते, असे एके काळी मोठमोठे पंडितही म्हणत. त्या बोलण्याने किती मातांची अंतःकरणे पोळली असतील, ते परमेश्वरास ठाऊक. ते मत आज पूर्णपणे टाकून देण्यात आले आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील जन्मापासूनची भिन्नता असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ती कोणाच्या दृष्टीने, शापाने किंवा करणीने होत नाही, आणि लस टोचल्यानेही होत नाही. तेव्हा देवऋष्याच्या उंबरठ्यावर जाणारा वेळ व पैसा मुलाच्या शिक्षणाकडे वळवावा हे उत्तम.

आता आक्षेपाकडे वळू. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात अखंड आवाज चालू असता गणित शिकविणे किती कठीण, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. जो पालक ‘आमच्या मुलाच्या अभ्यासाचे काय?’ असे विचारतो, तो दुष्ट नव्हे. त्याचा प्रश्न खरा आहे. शिवाय त्या पुनरुक्तीत गुंतून पडल्याने स्वतः त्या मुलाचे शिकणे अडत असेल, तर ‘चालू द्या, त्याला आवडते’ असे म्हणून स्वस्थ बसणे ही दया नव्हे, हयगय आहे. याकरिता आवाजाला मुळीच हात लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आधी ऐकावे आणि मग शिकवावे. मूल गप्प झाले म्हणजे ते शिकले, अशी समजूत करून घेणे हाच खरा धोका आहे.

मग करावे कसे? पहिले काम अगदी साधे असून त्यास वहीचे एक पान व आठ दिवसांचा धीर एवढेच लागते. मूल पालुपद केव्हा सुरू करते, त्याच्या आधी काय घडलेले असते, आणि नंतर त्यास काय मिळते, हे तीन रकान्यांत लिहून ठेवावे. घरी आईने व शाळेत शिक्षकाने, दोघांनीही लिहावे, आणि आठवड्याअखेर दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. पातेल्याचे रहस्य जसे आईपाशी होते, तसे पुष्कळदा घरच्या माणसांपाशीच असते.

कारण ध्यानात आले, की उपायही निराळे होतात. मूल काही मागत असेल, तर मागण्याचा सोपा मार्ग त्यास द्यावा. तोंडाने शब्द येत नसेल तर चित्राचे पत्रक चालेल. ते दाखविताच वस्तू हाती पडली, की मुलास नव्या मार्गाचा विश्वास वाटतो. मूल आमचाच प्रश्न उलट म्हणत असेल, तर प्रश्न त्यास कळला नाही, असे समजून तो लहान करावा आणि उत्तराचा नमुना त्याच्या तोंडी शोभेल असा द्यावा. ‘तुला पाणी हवे का?’ असे दहा वेळा विचारण्यापेक्षा पेला दाखवून ‘मला पाणी हवे’ असे एकदा सावकाश म्हणावे. मूल गोंगाटाने भांबावले असेल, तर त्यास खिडकीजवळचा शांत कोपरा द्यावा, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, आणि तास बदलण्यापूर्वी थोडी आगाऊ सूचना द्यावी. रिकामपणी नुसत्या नादाच्या गोडीने ते गुणगुणत असेल, तर त्याच्या हातास काम द्यावे, आणि दिवसातून काही वेळ त्या गुणगुणण्यासाठीही मोकळा ठेवावा. आम्हा सर्वांस आपापले विसाव्याचे छंद असतात. त्याचाही एक असू द्यावा.

काही वेळा आवाज मध्येच अडविणेही आवश्यक ठरते. २००७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चार मुलांवर एक प्रयोग झाला. मुलाने निरर्थक उच्चार सुरू करताच शिक्षकाने शांतपणे त्यास थांबवून, त्याला येत असलेले साधे प्रश्न विचारावयाचे, नीट उत्तरे मिळेपर्यंत तो क्रम सोडावयाचा नाही, आणि मूल आपण होऊन योग्य शब्द बोलले तर त्याचे कौतुक करावयाचे, अशी ती पद्धत होती. तिने पुनरुक्ती कमी झाली आणि काही मुलांचे योग्य बोलणे वाढलेही. परंतु या मार्गास शिक्षकाचे अखंड लक्ष लागते, आणि मुलास तो जाचकही होऊ शकतो. मोठ्या झालेल्या कित्येक स्वमग्न व्यक्तींनीही सांगितले आहे, की ज्या हालचालींनी व आवाजांनी आपण स्वतःस सावरीत होतो, त्या बळाने बंद केल्यामुळे आपणांस दुःखच झाले. म्हणून हे साधन जाणत्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच हाती घ्यावे, आणि मुलाच्या शिकण्यासाठी वापरावे. आमच्या कानांच्या सोयीसाठी वापरू नये. टोमणा, चापट, बाकावर उभे करणे हे तर कोणत्याच पद्धतीत बसत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास शाळेत मनाई केली आहे, आणि ती सर्व मुलांसाठी आहे.

एवढे सांगूनही कोणी म्हणेल, की हे सारे तज्ज्ञांचे काम आहे, साध्या खेडुतांच्या आवाक्यातले नव्हे. त्यास आम्ही कॅनर यांच्याच पहिल्या मुलाची पुढील कथा सांगतो. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा हा मुलगा १९३३ साली जन्मला. लहानपणी ‘हो’ हा शब्द त्यास येत नव्हता. ‘हो म्हणशील तर खांद्यावर घेईन’ असे वडिलांनी सांगितले, तेव्हा तो शब्द त्याने उचलला. परंतु पुढे कित्येक महिने ‘हो’ म्हणजे ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच त्याचा अर्थ होता. नऊ वर्षांचा असताना त्यास एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास पाठविले. कॅनर १९४५ साली त्यास पाहावयास गेले, तेव्हा त्या साध्या माणसांची हुशारी पाहून ते थक्क झाले. मुलास वस्तू मोजण्याचे वेड होते. त्यांनी त्यास विहीर खणावयास लावून तिची खोली मोजावयास सांगितली. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजीत बसे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोज, असे सांगितले. त्या दिवशी त्याने कॅनर यांच्या डोळ्यांदेखत घोडा व नांगर सफाईने वळवीत सहा लांब ओळी नांगरून दाखविल्या. तो गावच्या शाळेतही जात असे, आणि तेथे त्याच्या चमत्कारिक सवयी सांभाळून घेतल्या जात. पुढे तो महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडला, गावच्या बँकेत नोकरीस लागला, एकट्याने देशोदेशी हिंडला, आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला.

सर्वच स्वमग्न मुले डोनाल्डसारखी होतील, असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांना जन्मभर दुसऱ्याचा हात लागतो, आणि त्यांचाही शिक्षणावर तितकाच अधिकार आहे. परंतु त्या शेतकऱ्याने जे केले त्यास पदवी लागत नव्हती. त्याने मुलाची मोजणी मोडून काढली नाही. तिला शेतात जागा करून दिली. आमच्या वर्गातही हे घडू शकेल. ज्या मुलास एकच ओळ शंभरदा म्हणण्याची गोडी आहे, त्यास सकाळच्या प्रार्थनेचा शेवटचा चरण म्हणावयास द्यावा, पाढ्यांच्या वेळी त्याचा पाढा त्यास आधी सुरू करू द्यावा. वर्ग मागून म्हणेल. त्या पाच मिनिटांपुरते त्याचे पालुपद सर्वांचे होईल.

कायदाही आज या मुलांच्या बाजूस आहे. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचा नावानिशी उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली, त्यांतही ती आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिकण्याचा हक्क त्या अधिनियमाने दिला आहे. मुंबईत २००१ पासून उमीद ही संस्था अशा मुलांच्या विकासाचे काम करीत आहे, आणि पेण येथेही सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल ही विशेष मुलांची शाळा आहे. परंतु डोंगराच्या कुशीतील वाडीवरून रोज पेणला जाणे प्रत्येकास साधत नाही, आणि मुंबई तर त्याहून दूर. ज्या बापाची रोजी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याने आठवड्यातून दोनदा मुलास घेऊन शहरात जावे तरी कसे? म्हणून कायद्यातील ‘जवळची शाळा’ हे दोन शब्दच अशा घरास खरा आधार आहेत. तो आधार टिकणे न टिकणे हे पुष्कळ अंशी त्या शाळेतील इतर मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या हाती असते.

विद्यार्थिमित्रहो, यात तुमचा वाटा लहान नाही. तुमच्या वर्गात असे मूल असेल, तर त्याच्या बोलण्यास हसू नका, आणि त्यास मुद्दाम बोलावयास लावून करमणूकही करून घेऊ नका. त्याच्याशी थोडक्या व सरळ शब्दांत बोला. उत्तर येण्यास वेळ लागला तर मनात दहा अंक मोजा. तो एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारीत असेल, तर एकदा सांगितलेले उत्तर चित्र काढून त्याच्या हाती द्या. त्याचे पालुपद ज्यास कळले, त्याने ते इतरांस समजावून सांगावे. दुभाष्याचे हे काम तुमच्यापैकी कोणीही करू शकेल. आणि पालकहो, पुढच्या सभेत तो प्रश्न विचारण्यास आपण उठाल, तेव्हा त्यास एक शब्द जोडा, एवढीच आमची विनंती आहे: ‘आमच्या सर्व मुलांच्या अभ्यासाचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शिक्षकही आनंदाने बसतील. विशेष शिक्षकाची मागणी तालुक्याच्या ठिकाणी करावयाची झाली, तर एकट्या बापाच्या अर्जापेक्षा सर्व पालकांच्या सह्यांस अधिक वजन येईल.

शेवटी आम्ही पुन्हा गागोद्यास येतो. विनोबांनी आपल्या आठवणींत त्या घरातील एका वृद्ध अंध गृहस्थाविषयी सांगितले आहे. घरातील सर्वजण त्यांना आपलेच मानीत, त्यांची काळजी घेत. पुढे भावे कुटुंब बडोद्यास राहावयास गेले असता, ते गृहस्थ वारल्याचे पत्र आले. आप्त वारल्याची वार्ता आली, की स्नान करावयाचे, अशी रीत होती. परंतु आईने स्नान केले नाही. मुलाने कारण विचारले, तेव्हा प्रथमच त्यास कळले, की ते आपले नातलग नव्हते. निराधार होते, म्हणून आपल्या घरी राहत होते. इतकी वर्षे एका घरात काढूनही हा मनुष्य परका आहे, असे त्या मुलाच्या ध्यानातही आले नव्हते.

ज्या घरात हे घडले, ते काही मोठे इस्पितळ नव्हते, की विद्यापीठ नव्हते. कोकणातील एका खेड्यातील घर होते. आमच्या शाळेच्या वर्गासही आम्ही याच कसोटीस लावू इच्छितो. दहा वर्षांनी आमचे विद्यार्थी आपल्या शाळेच्या आठवणी काढतील, तेव्हा ‘आमच्या वर्गात एक मुलगा होता, तो गर्दी झाली की पुढे सरका, पुढे सरका म्हणे, आणि आम्ही बाजूस सरून त्यास वाट करून देत असू’ एवढे जरी कोणी सहज बोलून गेला, तरी शिकविल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.